देव्हाऱ्यातून पुस्तकात, पुस्तकातून पुन्हा देव्हाऱ्यात : रशियन आयकॉन बघायचा कसा?

पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात बऱ्याच वर्षांपूर्वी मला रशियन कलेवरचं एक जाडजूड चित्रपुस्तक मिळालं. सोव्हिएत काळात छापलेलं, कापडी बांधणीचं, कडेला कसरीने थोडं खाल्लेलं. मधोमध एका पूर्ण पानावर तीन पंखवाल्या आकृती एका छोट्या मेजाभोवती बसलेल्या आहेत. पानावर पातळ बटर पेपर आहे, तो उचलला की आधी निळा रंग दिसतो आणि मग बाकीचं चित्र. खाली एक ओळ छापलेली आहे : आंद्रेई रुब्ल्योव, ‘त्रोइत्सा’, त्रेत्याकोव गॅलरी, मॉस्को.

रुब्ल्योव हा चित्रकार आणि ‘त्रोइत्सा’ म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतलं त्रैक्य, एकाच देवाची तीन रूपं. ओळीतला शेवटचा भाग मात्र आता खरा राहिलेला नाही. 2023 च्या मे महिन्यात रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने जाहीर केलं, की राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या निर्णयानुसार हे चित्र संग्रहालयातून चर्चकडे सोपवलं जात आहे. जूनमध्ये ते मॉस्कोच्या ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रलमध्ये भाविकांसमोर ठेवलं गेलं. 2024 मध्ये ते मॉस्कोपासून साधारण सत्तर किलोमीटरवरच्या सेर्गियेव पोसाद इथल्या मठात नेण्यात आलं. सहाशे वर्षांपूर्वी ते ज्या मठासाठी तयार झालं, तोच हा मठ. संग्रहालयातले तज्ज्ञ आणि कला-इतिहासकार यांनी जीव तोडून विरोध केला होता. विरोध खुद्द चर्चमधूनही झाला. कलेच्या जतनाचं काम पाहणाऱ्या चर्चच्या समितीच्या प्रमुख धर्मगुरूंना त्याच काळात पदावरून दूर करण्यात आलं.

ही बातमी मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांचा पहिला प्रश्न एकच होता : देवाचं चित्र देवळात गेलं, मग बिघडलं काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर ही वस्तू मुळात काय आहे, कशी बनते आणि चित्रपुस्तकाच्या गुळगुळीत पानावर तिचं काय होतं, हे आधी बघावं लागेल.

आयकॉन म्हणजे नेमकं काय?

मोबाइलवरच्या चौकोनी चिन्हालाही आपण हल्ली आयकॉन म्हणतो आणि गाजलेल्या खेळाडूलाही. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ ‘प्रतिमा’. ऑर्थोडॉक्स पंथात, म्हणजे ग्रीस, रशिया, युक्रेन, सर्बिया अशा भागांतल्या ख्रिस्ती परंपरेत, आयकॉन म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेली पूजेची प्रतिमा : येशू, मेरी, एखादा संत किंवा बायबलमधला प्रसंग. या चर्चमध्ये कोरीव मूर्ती क्वचितच दिसतात. आपल्याकडे मूर्तीला जे स्थान आहे, ते तिथे या फळीला आहे. तिच्यापुढे मेणबत्ती लावतात, वाकून नमस्कार करतात, तिचं चुंबन घेतात. जुन्या रशियन घरात एक कोपरा तिच्यासाठी राखलेला असे. त्याला ‘क्रास्नी ऊगल’ म्हणत. क्रास्नी म्हणजे आज लाल, पण जुन्या रशियनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ सुंदर असाही होता. घरात आलेला माणूस आधी त्या कोपऱ्याकडे बघून नमस्कार करी आणि मग घरातल्यांशी बोले.

आता ही वस्तू बनते कशी, ते सावकाश बघू, कारण पुढचा सगळा वाद इथूनच निघतो.

आधी लाकूड. बहुतेक वेळा लिंडेन नावाच्या झाडाचं, मऊ आणि कमी गाठींचं. मोठा आयकॉन असेल तर दोन-तीन उभ्या फळ्या जोडतात आणि त्या वाकू नयेत म्हणून मागून आडव्या पट्ट्या खोबणीत सरकवतात. समोरचा मधला भाग कडांपेक्षा किंचित खोल कोरतात, त्यामुळे चौकट वेगळी लावावी लागत नाही. त्यावर सरस लावून कापड चिकटवतात. कापडावर खडूची भुकटी आणि सरस यांचं मिश्रण थरावर थर देऊन घासतात. हा सरस बऱ्याचदा माशापासून काढलेला असतो. पृष्ठभाग हस्तिदंतासारखा पांढरा आणि तुळतुळीत झाला की त्यावर रेखाटन, मग सोन्याचा वर्ख आणि शेवटी रंग. रंगाची पूड अंड्यातल्या पिवळ्या बलकात कालवलेली असते. चेहरा रंगवताना आधी गडद मातकट थर देतात आणि त्यावर उजळ, आणखी उजळ असे पातळ हात फिरवत जातात. त्यामुळे चेहऱ्यावर बाहेरून उजेड पडल्यासारखा वाटत नाही, तो आतून आल्यासारखा वाटतो. शेवटी सगळ्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात.

लाकूड, कापड, खडू, बलक, तेल. म्हणजे एकमेकांना धरून राहिलेले पाच निरनिराळ्या स्वभावाचे पदार्थ. पावसाळ्यात आपल्या घराचं दार फुगून चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात पुन्हा सैल होतं, हे आठवा. आयकॉनची फळीही तशीच फुगते आणि आकसते. तिच्यावरचा खडूचा थर मात्र तिच्याबरोबर ताणला जात नाही. तो तडकतो, फुगा धरतो आणि एक दिवस रंगासकट गळून पडतो.

जाता जाता एक भाषेची गोष्ट. रशियनमध्ये लिहिणं आणि रंगवणं या दोन्हींसाठी ‘पिसात्य’ हे एकच क्रियापद आहे. त्यामुळे आयकॉन ‘लिहिला’ असं म्हटलं जातं आणि चर्चच्या लोकांना ते फार अर्थपूर्ण वाटतं. मलाही वाटतं.

मग हे चित्र शतकानुशतकं कुणाला दिसलंच नाही, ते कसं?

जवसाच्या तेलाचा थर सुरुवातीला रंग खुलवतो. पण मेणबत्त्यांची काजळी आणि धूप त्यात मुरत जातात आणि शे-सव्वाशे वर्षांत तो तपकिरी, मग जवळजवळ काळा होतो. संताचा चेहरा दिसेनासा झाला की चित्रकाराला बोलावून त्याच काळ्या थरावर तोच चेहरा नव्याने रंगवून घेत. पुन्हा तेल, पुन्हा काजळी, पुन्हा नवा चेहरा. त्यावर श्रद्धेने सोन्या-चांदीचा पत्रा चढवत. त्यात फक्त चेहरे आणि हातांपुरती जागा कापलेली असे.

आपल्याकडे वणीच्या सप्तशृंगी देवीबाबत 2022 मध्ये जे घडलं, ते आठवलं तर हे लगेच समजेल. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला शेंदराचा जाड थर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवला आणि खाली कोरलेलं मूळ रूप भाविकांना दिसलं. शेंदूर कुणी वाईट हेतूने लावला नव्हता. उलट भक्तीनेच लावला होता. रुब्ल्योवच्या चित्राचंही तेच झालं. झार इव्हान चौथा म्हणजे ‘भयंकर’ इव्हान याने सोळाव्या शतकात त्यावर सोन्याचं आवरण चढवलं, पुढे बोरीस गोदुनोव या झारनेही ते आणखी सजवलं.

1904 मध्ये वासिली गुर्यानोव या जाणकाराने ते आवरण उतरवलं. खाली रुब्ल्योव असेल अशी अपेक्षा होती, पण निघालं अगदी अलीकडच्या शैलीतलं रंगकाम. त्याखाली आणखी थर होते. ते उतरवल्यावर पहिल्यांदा तो निळा रंग वर आला. काम झाल्यावर सोन्याचं आवरण पुन्हा बसवण्यात आलं, त्यामुळे सामान्य माणसाला ते काही वर्षं दिसलं नाहीच. पूर्ण सफाई 1918 नंतर झाली आणि 1929 मध्ये चित्र त्रेत्याकोव गॅलरीत आलं.

म्हणजे रशियाने स्वतःची जुनी चित्रकला खऱ्या रंगांत पाहिली ती विसाव्या शतकातच. त्याआधीच्या सुशिक्षित रशियन माणसाच्या मनात आयकॉन म्हणजे काळपट, उदास फळी होती. 1911 मध्ये फ्रेंच चित्रकार मातीस मॉस्कोला आला, तेव्हा खासगी संग्रहातले साफ केलेले आयकॉन बघून तो हरखून गेला होता. 1913 मध्ये रोमानोव राजघराण्याच्या तीनशे वर्षांनिमित्त मॉस्कोत जुन्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं आणि लोकांना पहिल्यांदा तो शेंदरी, तो हिरवा, तो निळा एकत्र बघायला मिळाला. याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. आयकॉनवरचं पुस्तक हातात आलं की छपाईचं वर्ष बघा. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला आयकॉन आणि आजच्या पुस्तकातला तोच आयकॉन ही दोन वेगळी चित्रं असू शकतात.

‘पण ही माणसं अशी चपटी आणि मेज असं वाकडं का काढलंय?’

हा प्रश्न पुस्तक चाळणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. रुब्ल्योवला चित्र काढता येत नव्हतं का?

शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की रेल्वेचे रूळ दूर जाताना एकमेकांजवळ येतात आणि क्षितिजावर मिळतात. याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. इटलीत पंधराव्या शतकात याचे नियम पक्के झाले. या पद्धतीत चित्र म्हणजे खिडकी. तुम्ही बाहेर उभे आणि रेषा तुमच्यापासून दूर, खिडकीच्या आत धावतात.

आयकॉनमध्ये पुष्कळदा उलट असतं. ‘त्रोइत्सा’मध्ये डाव्या-उजव्या आकृतींच्या पायांखाली पाट आहेत, त्यांच्या कडा बघा. त्या मागे जाताना जवळ येत नाहीत, उलट फाकतात. त्या रेषा पुढे ओढत आणल्या तर पानाच्या बाहेर, तुम्ही बसला आहात त्या बाजूला मिळतील. म्हणजे इथे रूळ तुमच्यापाशी येऊन थांबतात. हे चित्र तुमच्याकडे उघडतं. याला ‘उलट पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात. यावर सगळ्यात खोल विचार ज्याने केला, तो पावेल फ्लोरेन्स्की हा गणिती होता आणि धर्मगुरूही. 1919 च्या सुमारास त्याने मांडलं, की हे अडाणीपण नाही, जग बघण्याची ही एक वेगळी, समजून-उमजून स्वीकारलेली रीत आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता चित्रच बघू. बायबलच्या जुन्या करारात गोष्ट आहे : अब्राहमच्या तंबूशी दुपारच्या वेळी तीन अनोळखी माणसं येतात, तो त्यांना झाडाखाली बसवतो, पाय धुवायला पाणी देतो, वासरू कापून जेवायला घालतो. पाहुणे म्हणजे देवाचीच रूपं. इतर चित्रकार या प्रसंगात अब्राहम, त्याची बायको सारा, भांडीकुंडी, कापलं जाणारं वासरू, सगळं दाखवत. रुब्ल्योवने यजमान काढून टाकले. मेजावर एकच पात्र ठेवलं. मागे एक घर, एक झाड, एक डोंगर, तेही पुसट. तीन पाहुणे, तिघांच्या हातात बारीक काठ्या, तिघांच्याही अंगावर कुठे ना कुठे तो निळा. माना एकमेकांकडे झुकलेल्या. तिघांभोवती बोट फिरवलं तर वर्तुळ पूर्ण होतं. डावीकडच्या आणि उजवीकडच्या आकृतीच्या आतल्या कडा बोटाने आखत गेलात, तर मधल्या रिकाम्या जागेत एक मोठा चषक उमटतो. मेजावर असलेल्या पात्राचीच जणू मोठी आकृती.

आणि मेजाची पुढची बाजू मोकळी आहे. चौथं कुणीतरी येऊन बसावं अशी. ती जागा बघणाऱ्याची आहे असं अनेक अभ्यासक मानतात. उलट पर्स्पेक्टिव्ह समजला की हे पटतं, कारण रेषा तिथेच येऊन मिळतात.

हे चित्र नेमकं कधीचं, यावर एकमत नाही. साधारण 1411 ते 1427 या दरम्यानचं मानतात. रुब्ल्योव स्वतः भिक्षू होता. रादोनेझच्या संत सेर्गीने जो मठ स्थापला, त्या मठासाठी, त्या संताच्या आठवणीत हे तयार झालं. तो काळ तातारांच्या वर्चस्वाचा आणि राजपुत्रांच्या आपसातल्या भांडणांचा होता. त्या काळात बसून कुणीतरी तीन माना इतक्या शांतपणे झुकवल्या, याचं मला अजून नवल वाटतं. 1551 मध्ये मॉस्कोत चर्चची मोठी सभा भरली, तिने पुढच्या चित्रकारांना रुब्ल्योवचाच कित्ता गिरवायला सांगितलं.

पुस्तकाच्या पानावर येताना काय काय गळतं?

सगळ्यात आधी आकार. ‘त्रोइत्सा’ सुमारे 142 सेंटिमीटर उंच आणि 114 सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाएवढी उंची. पुस्तकात ते वीतभर होतं. त्याच पुस्तकात पुढच्या पानावर गळ्यात घालायचा दोन इंची आयकॉनही वीतभरच छापलेला असतो. म्हणून चित्राखालची मापं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि ज्या पुस्तकात मापंच दिलेली नाहीत, ते कितीही देखणं असलं तरी मी विकत घेत नाही.

मग रंग. पुस्तकातलं रंगीत चित्र चार शाईंच्या ठिपक्यांनी बनतं : निळसर, गुलाबी, पिवळी, काळी. माझ्या पुस्तकातल्या त्या निळ्यावर भिंग धरलं, तर निळा नाहीसा होतो आणि बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. एके ठिकाणी छापताना रंग किंचित सरकलाय, त्यामुळे मधल्या आकृतीच्या बाहीला गुलाबी कड आली आहे. सोनं तर या चार शाईंत येतच नाही. ते मोहरीसारखं पिवळं होऊन बसतं. सोन्याचा गुण हा, की आपण हललो की ते हलतं. समईच्या उजेडात देवाच्या अंगावरचा दागिना जसा मध्येच चमकतो आणि मध्येच विझतो, तसं. कॅमेऱ्यासमोर चारी बाजूंनी सारखा उजेड सोडतात, त्यात ही हालचाल मरते.

आणि तिसरं म्हणजे शेजार. रशियन चर्चमध्ये भाविकांची जागा आणि गाभारा यांच्यामध्ये आयकॉनची आख्खी भिंत असते, तिला आयकोनोस्तास म्हणतात. त्यात अनेक रांगा एकावर एक, मध्ये दार. ‘त्रोइत्सा’ची जागा खालच्या रांगेत, मधल्या दाराच्या लगेच उजवीकडे होती. ती एकटी कधीच नव्हती. पुस्तकात प्रत्येक आयकॉनला स्वतंत्र पान मिळतं, भोवती पांढरी मोकळी जागा मिळते आणि आपोआप त्याची भिंतीवर टांगायची ‘पेंटिंग’ होते.

हे सगळं सांगूनही मी म्हणेन, की चांगलं चित्रपुस्तक काही गोष्टी मूळ जागेपेक्षा जास्त देतं. त्या चर्चच्या अर्धवट अंधारात दहा फुटांवरून मला त्या झुकलेल्या मानेची रेषा दिसणार नाही. पुस्तकात चेहऱ्याचा तेवढाच भाग मोठा करून दिलेला असतो, त्यात पातळ थरांचे फटकारे मोजता येतात.

चित्रपुस्तकांशी आपली ओळख जुनी आहे

मराठी वाचकाला हे जग अगदीच परकं नाही. सोव्हिएत काळात मॉस्कोहून थेट मराठीत छापलेली पुस्तकं इकडे येत आणि पुस्तक-प्रदर्शनांत स्वस्तात मिळत. अनिल हवालदारांनी केलेली भाषांतरं कित्येकांच्या लहानपणाचा भाग आहेत. त्यातल्या लोककथांची चित्रं आठवा : जाड काळी बाह्यरेषा, आत सपाट रंग, कडेने नक्षीची महिरप. या शैलीवर ज्याची छाप सगळ्यात मोठी, तो इव्हान बिलीबिन. 1899 पासून त्याने रशियन परीकथांसाठी चित्रं काढली. 1902 ते 1904 या काळात तो उत्तर रशियातल्या खेड्यांत फिरून लाकडी चर्चं, भरतकाम, कोरीव काम यांचे फोटो आणि नोंदी जमवत होता. त्याची सुरुवातीची पुस्तकं छापली ती नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्याने, म्हणून त्यांची छपाई इतकी नेटकी. 1942 मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीच्या दिवसांत तो गेला. त्याची महिरप आणि आयकॉनच्या कडेला छोट्या चौकटींत रंगवलेले प्रसंग शेजारी ठेवून बघा, नातं लगेच कळतं.

घुमट कांद्यासारखे का?

पुस्तकाचा दुसरा भाग बहुधा वास्तूंचा असतो आणि तिथे पहिला प्रश्न ठरलेला. ‘बर्फ घसरून पडावा म्हणून’ हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य असेलही, पण तेवढ्याने भागत नाही. मुळात हा कांदा आतून छत नसतो. चर्चचं खरं छत खाली वेगळं असतं. त्यावर गोल गळा, आणि गळ्यावर लाकडी किंवा धातूच्या सांगाड्याचा हा पोकळ कांदा, वर क्रूस. आपल्या मंदिरात शिखरावर कळस असतो, तशी याची जागा. रशियन लोक त्याला ‘ग्लावा’ म्हणजे डोकं म्हणतात. एक डोकं असेल तर येशू, पाच असतील तर येशू आणि शुभवर्तमान लिहिणारे चौघे, तेरा असतील तर येशू आणि त्याचे बारा शिष्य असा अर्थ लावतात.

मॉस्कोच्या लाल चौकातलं सेंट बेसिल तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. 1552 मध्ये झार इव्हानने तातारांचं कझान जिंकलं, त्या आठवणीत 1555 ते 1561 मध्ये ते उभं राहिलं. असं दुसरं बांधू नये म्हणून इव्हानने वास्तुकाराचे डोळे काढले, ही गोष्ट पुस्तकांत सर्रास सापडते. ती मानायला आधार नाही. ज्याचं नाव या कामाशी जोडलं जातं, तो पोस्तनिक याकोवलेव नंतर कझानमध्ये काम करताना नोंदींत दिसतो. आज दिसणारे भडक रंगही पुढच्या काळातले. आणि आत? बाहेरून एवढं मोठं दिसणाऱ्या इमारतीत आत मोठा सभामंडप नाही. एकाच चौथऱ्यावर जोडलेली लहान-लहान चर्चं आहेत, अरुंद बोळांनी जोडलेली.

मला स्वतःला जास्त जीव लागलाय तो ओनेगा तलावातल्या किझी बेटावरच्या लाकडी चर्चचा. 1714 सालचं, 37 मीटर उंच, 22 घुमटांचं. भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवलेल्या. घुमटांवर ॲस्पेन लाकडाच्या छोट्या छोट्या पट्ट्या, माशाच्या खवल्यांसारख्या. नवीन असताना त्या पिवळसर दिसतात, मग ऊन-पावसाने चांदीसारख्या होतात. ‘एकही खिळा नाही’ असं म्हणतात ते भिंतींपुरतं ठीक आहे. या पट्ट्या मात्र खिळ्यांनीच ठोकलेल्या असतात. अलीकडच्या मोठ्या दुरुस्तीत इमारतीचा वरचा भाग आत बसवलेल्या पोलादी सांगाड्याच्या आधाराने उचलून धरला, खालचे ओंडके टप्प्याटप्प्याने सोडवले, कुजलेला भाग तेवढा कापून नवं लाकूड सांधलं आणि पुन्हा रचले. तीनशे वर्षं जुनं देऊळ अधांतरी धरून त्याचा पाया बदलणं ही काय हिमतीची गोष्ट असेल!

‘आयकॉन समजला, पण तो काळा चौकोन?’

पुस्तकाच्या शेवटी काझिमीर मालेविच या चित्रकाराचा काळा चौकोन येतो, पांढऱ्यावर नुसता एक काळा चौकोन, आणि माणसं पान उलटतात. एकच गोष्ट सांगते. 1915 च्या डिसेंबरमध्ये पेत्रोग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, एका प्रदर्शनात त्याने तो भिंतीवर मधोमध टांगला नाही. छताजवळ, दोन भिंतींच्या कोपऱ्यात टांगला. म्हणजे घरातला देव्हाऱ्याचा तो कोपरा. तिथे आलेल्या प्रत्येक रशियन माणसाला हे न सांगता कळलं असणार. पुस्तकातल्या पांढऱ्या पानावर कोपरा नाही, म्हणून आपल्याला तो नुसता चौकोन वाटतो. त्या प्रदर्शनाचा जुना कृष्णधवल फोटो ज्या पुस्तकात दिलाय, ते पुस्तक जवळ बाळगण्यासारखं.

‘हे सगळं रशियनच आहे कशावरून?’

2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर हा आक्षेप जोरात आला आहे आणि तो योग्य आहे. जुन्या चित्रपुस्तकांत ‘रशियन कले’चं पहिलं प्रकरण हमखास कीवच्या सेंट सोफिया कॅथेड्रलपासून सुरू होतं. कीव युक्रेनची राजधानी आहे. राजा व्लादिमीरने 988 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो कीवमधून राज्य करताना, आणि कला आली बायझंटियममधून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून. तेव्हा मॉस्कोचं नावही इतिहासात नव्हतं. हा वारसा युक्रेन, रशिया, बेलारूस तिघांचा आहे. त्यावर एकट्या रशियाचं नाव घालणं चूक. मालेविच कीवमध्ये पोलिश कुटुंबात जन्मला. चित्रकार रेपिनचा जन्म आजच्या युक्रेनमधल्या चुहुइव्हचा. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने रेपिन आणि कुइंजी या चित्रकारांच्या चित्रांखालच्या पाट्या बदलून ‘रशियन’च्या जागी ‘युक्रेनियन’ लिहिलं. तेव्हा जुनं पुस्तक फेकू नका, पण चित्राखालची ओळ पेन्सिल हातात घेऊन वाचा.

मग शेवटी देवळात की संग्रहालयात?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. देवळात जावं असं म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. तिची सगळ्यात चांगली मांडणी फ्लोरेन्स्कीनेच केली आहे. 1917 च्या क्रांतीनंतर, याच मठाच्या वस्तू वाचवण्यासाठी नेमलेल्या आयोगात तो काम करत होता. त्याचं म्हणणं असं, की आयकॉन तेलाच्या दिव्याच्या हलत्या उजेडासाठी, धुपाच्या धुरासाठी, गाण्यासाठी, समोर हळूहळू चालणाऱ्या माणसांसाठी घडलेला असतो. विजेच्या स्थिर दिव्याखाली तो अर्धा मरतो. सोव्हिएत सरकारने मात्र देवळं बंद केली. मॉस्कोचं ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल 1931 मध्ये सुरुंग लावून पाडलं, पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव केला. 2023 मध्ये ‘त्रोइत्सा’ ठेवली गेली ते त्याच जागी नव्वदच्या दशकात पुन्हा बांधलेलं कॅथेड्रल. फ्लोरेन्स्कीला 1937 मध्ये गोळ्या घालून मारण्यात आलं. हा इतिहास ज्यांच्या अंगावरून गेला, त्यांना ‘आमचा देव परत द्या’ असं वाटणं मला समजतं.

पण लाकडाला इतिहास समजत नाही, त्याला हवेतली ओल समजते. 2022 च्या जुलैत हे चित्र काही दिवसांपुरतं मठात नेलं होतं. परत आल्यावर तपासणीत त्याच्या स्थितीत 61 बदल नोंदवले गेले. फळ्यांचे सांधे, सुटू पाहणारा खडूचा थर, जुनी डागडुजी. दाटीवाटीने उभ्या भाविकांच्या श्वासातली वाफ, दार उघडलं की शिरणारी थंडी, मेणबत्त्यांची उष्णता, हे सगळं त्या पाच थरांवर येतं. बंद काचपेटीत ठेवलं तरी प्रत्येक प्रवासात ते हादरतं. पंढरपूरच्या मूर्तीच्या वज्रलेपावर आपल्याकडे जी चर्चा होते, तीच ही काळजी : दर्शन थांबवायचं नाही, पण मूर्ती झिजते त्याचं काय.

यातून वाट नव्हती असंही नाही. त्रेत्याकोव गॅलरीला लागूनच संत निकोलसचं चर्च आहे, गॅलरीचाच भाग असलेलं. कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, आलेला आणि व्लादिमीर शहराच्या नावाने ओळखला जाणारा बाराव्या शतकातला मेरीचा आयकॉन तिथे काचपेटीत ठेवण्यात आला. हवा संग्रहालयाच्या नियमाने राखलेली आणि प्रार्थनाही चालू. ‘त्रोइत्सा’सुद्धा तिच्या सणाला तिथे नेली जायची. मला विचाराल तर तीच व्यवस्था कायमची करायला हवी होती. आणि मठात? तिथल्या आयकोनोस्तासमध्ये तिच्या प्रती आधीपासून आहेत, त्यातली एक 1920 च्या दशकात खास करून घेतलेली. लोक शंभर वर्षं त्यांच्यापुढे हात जोडतच होते.

हे लिहायला बसण्याआधी मी पुन्हा ते पान उघडलं. बटर पेपर एका कडेने फाटलाय, तो चिकटवला. मग ‘त्रेत्याकोव गॅलरी, मॉस्को’ या शब्दांखाली पेन्सिलीने लिहिलं : 1929 ते 2023. पुढे ‘सेर्गियेव पोसाद, 2024 पासून’ असं लिहिलं आणि शेजारी थोडी जागा मोकळी सोडली.